चुक्याचं श्ची

रशियात वसंत ऋतूत एक हिरवं, आंबट सूप करतात. त्याला श्ची म्हणतात. हिवाळाभर ते कोबीचं असतं. बर्फ वितळून पहिला पाला उगवला की ते सॉरेल नावाच्या आंबट पानांचं होतं. त्याची इंग्रजीतली कृती शोधली की तळाशी एक सल्ला हमखास सापडतो: सॉरेल मिळालं नाही तर पालक घ्या आणि लिंबू पिळा. मी निमूटपणे तसंच केलं. पालकाच्या पातळ भाजीत कोणीतरी लिंबू पिळलंय, अशी चव आली. दुसरी येणार तरी कशी होती?

मग सॉरेलचं शास्त्रीय नाव पाहिलं: रुमेक्स असेटोसा. आणि बुलढाण्याच्या आठवडी बाजारात, मेथी-शेपूच्या शेजारी, गोणपाटावर ओल्या फडक्याखाली ज्या जुड्या पडलेल्या असतात, त्या चुक्याचं नाव आहे रुमेक्स व्हेसिकॅरियस. म्हणजे चुका आणि सॉरेल ही सख्खी भावंडं. दोघांचा आंबटपणाही एकाच आम्लाचा, ऑक्झॅलिक. मी ज्या पाल्याला मुकलो म्हणून लिंबू पिळत होतो, तो पाला आईच्या पिशवीत दर आठवड्याला घरी येत होता.

कृती लिहिणाऱ्याची यात चूक नाही. त्याला आपला बाजार माहीत नाही. पण आपल्याला तर माहीत होता. तरीही ‘रशियन’ हा शब्द वाचल्यावर आपलं डोकं चुक्याच्या दिशेनं वळतच नाही, ते सुपरमार्केटच्या फ्रीजकडे वळतं. असं का होतं, हा या लेखाचा प्रश्न आहे. त्यासाठी काही पाककृतींची पुस्तकं वाचली आणि त्यातलं थोडं घरच्या गॅसवर करून पाहिलं.

सॅलड कोणत्या दारानं आलं

आपल्याकडे रशियन पदार्थ म्हटलं की बहुतेकांना एकच आठवतो: लग्नाच्या बुफेत, कोशिंबिरीच्या शेजारी, काचेच्या वाडग्यात ठेवलेलं रशियन सॅलड. उकडलेला बटाटा, गाजर, मटार, फरसबी, कधी डब्यातला अननस आणि सगळ्यावर मेयोनीज. तेही बिनअंड्याचं.

या सॅलडचं रशियातलं नाव ऑलिव्हिए. एकोणिसाव्या शतकाच्या साठच्या दशकात मॉस्कोतल्या ‘हर्मिटेज’ या महागड्या रेस्टॉरंटमध्ये ल्युसिएं ऑलिव्हिए नावाच्या आचाऱ्यानं ते लोकप्रिय केलं. तेव्हा त्यात रानपक्ष्यांचं मांस आणि नदीतल्या झिंग्यासारख्या क्रेफिशच्या शेपट्या असायच्या. क्रांती झाली, ते गिऱ्हाईक गेलं, ते पक्षीही ताटातून गेले. सोव्हिएत काळात पक्ष्यांच्या जागी उकडलेलं सॉसेज आलं, डब्यातले मटार आले आणि १९३६ पासून कारखान्यात बनू लागलेलं ‘प्रोव्हान्साल’ मेयोनीज आलं. आज रशियात नववर्षाच्या रात्री घरोघरी खातात ते हे बदललेलं सॅलड.

त्यामुळे ‘आपण रशियन सॅलड बिघडवलं’ अशी तक्रार करण्यात अर्थ नाही. रशियनांनी ते आपल्या आधी आणि आपल्याहून जास्त बदललं. पदार्थ बदलणं हा गुन्हा असता तर शेगावच्या कचोरीलाही शिक्षा द्यावी लागली असती. कचोरी काही मूळची वऱ्हाडातली नव्हे, पण आज तिला गावाचं नाव लागलंय आणि रेल्वे थांबली की लोक तिच्यासाठी खिडकीतून हात बाहेर काढतात.

माझा आक्षेप निवडीवर आहे. सोव्हिएत नववर्षाच्या टेबलावर ऑलिव्हिएच्या शेजारी आणखी एक पदार्थ हटकून असतो, खलाद्येत्स. जनावराचे पाय तासन्‌तास उकळायचे, मांस सोडवून रस्सा गाळायचा आणि थंडीत ठेवायचा. पायांतल्या चिकट द्रव्यामुळे रस्सा आपोआप थिजतो. एकाच टेबलावरचे हे दोन पदार्थ. त्यातलं सॅलड आपल्या बुफेपर्यंत पोचलं, खलाद्येत्सचं नावही पोचलं नाही. आपल्याकडे पायांचा रस्सा माहीत नाही असं थोडंच आहे? तो अनेक घरांत होतो. पण ज्या घरांत होतो ती घरं बुफेचा मेन्यू ठरवत नाहीत आणि पाककृतींची पुस्तकंही सहसा लिहीत नाहीत.

परदेशी पदार्थ आपल्याकडे हॉटेलच्या दारानं येतो. रशियातही आधी हॉटेलच ठरवत होतं. टॉलस्टॉयच्या ‘ॲना कॅरेनिना’मध्ये लेव्हिन आणि ओब्लोन्स्की मॉस्कोतल्या रेस्टॉरंटमध्ये जेवायला बसतात. ओब्लोन्स्की ऑयस्टरची चर्चा करतो. लेव्हिन म्हणतो, मला श्ची आणि काशा सगळ्यांत आवडतं, पण ते इथं कुठून असणार. वाढपी लगेच अदबीनं विचारतो, काशा फ्रेंच नावानं हवी का, ‘आ ला रूस’? म्हणजे रशियन माणसाला रशियाच्या राजधानीच्या तोडीच्या शहरात रशियन खिचडी हवी असेल तर ती ‘रशियन पद्धतीची’ म्हणून फ्रेंचमध्ये मागवावी लागते. पुण्या-मुंबईच्या एखाद्या रेस्टॉरंटात ज्वारीची भाकरी इंग्रजी नावानं, लाकडी फळीवर आलेली पाहिली असेल तर हा विनोद समजावून सांगायला नको.

तीन पुस्तकं, तीन ताटं

‘श्ची दा काशा, पीशा नाशा’ अशी रशियनमध्ये जुनी म्हण आहे. श्ची आणि काशा, हेच आमचं अन्न. आपण भाकरी-ठेचा म्हणतो तसंच. पण गाजलेल्या रशियन पाकपुस्तकांत या अन्नाला कुठं बसवलंय ते पाहण्यासारखं आहे.

पहिलं पुस्तक एलेना मोलोखोवेत्स यांचं, ‘तरुण गृहिणींना भेट’. ते १८६१ साली निघालं, ज्या वर्षी रशियात भूदासप्रथा कायद्यानं संपली त्याच वर्षी. क्रांतीपर्यंत त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. जॉयस टूमर यांनी १९९२ मध्ये त्याचा मोठा भाग टिपांसह इंग्रजीत आणला. पुस्तक अफाट आहे. साठवणीचे प्रकार, उपासाचे पदार्थ, पाव, लोणची, सगळं. आणि त्यात नोकरांच्या जेवणाचा वेगळा विभाग आहे. मालकांसाठी एक पान, स्वयंपाक करणाऱ्यांसाठी दुसरं. भूदास मुक्त झाले, पण त्यांचं ताट वेगळंच राहिलं. मोलोखोवेत्स यांचा प्रामाणिकपणा इतकाच की त्यांनी तो विभाग लपवला नाही.

दुसरं, ‘चविष्ट आणि पौष्टिक अन्नाचं पुस्तक’, १९३९ चं. त्यामागे होते सोव्हिएत अन्न उद्योगाचे मंत्री अनास्तास मिकोयान. त्यांनी १९३६ मध्ये अमेरिकेत जाऊन कारखान्यातलं अन्न पाहिलं होतं. हे पुस्तक वेगळ्या ताटांची भानगड मिटवतं. सगळ्या नागरिकांसाठी एकच भरलेलं टेबल. १९५२ च्या आवृत्तीतली रंगीत चित्रं पाहिली तर डोळे दिपतात. पण हे पुस्तक पहिल्यांदा निघालं तेव्हा १९३२-३३ चा भीषण दुष्काळ जेमतेम सहा-सात वर्षांमागे होता आणि त्याचा पुस्तकात मागमूस नाही. दोन वर्षांनी लेनिनग्राडला वेढा पडला. त्या हिवाळ्यात ज्यांना सगळ्यांत कमी रेशन होतं, त्यांच्या वाट्याला दिवसाला १२५ ग्रॅम पाव आला. मोलोखोवेत्सच्या पुस्तकात गरिबाचं ताट वेगळं होतं. या पुस्तकात ते नाहीच. समता आणण्याचा हा मार्ग सोपा आहे.

तिसरं पुस्तक या दोघांनाही उत्तर देतं. आन्या फॉन ब्रेमझेन यांचं ‘मास्टरिंग द आर्ट ऑफ सोव्हिएत कुकिंग’ (२०१३). लेखिका मॉस्कोत वाढली, आईबरोबर अमेरिकेत गेली. दोघी मिळून सोव्हिएत शतकाचं एकेक दशक एकेका जेवणानं आठवायचं ठरवतात. सुरुवात क्रांतीपूर्वीच्या थाटातल्या कुलेब्याकानं, म्हणजे माशाचे थर भरलेल्या मोठ्या पावानं. शेवटी प्रत्येक दशकाची एक कृती दिली आहे. फक्त चाळीसच्या दशकाला कृती नाही. त्या जागी रेशनकार्ड आहे.

मी वाचलेल्या पाकपुस्तकांत याच्याइतकं खरं पान दुसरं नाही. कृती म्हणजे ‘हे तुमच्याकडे आहे’ असं गृहीत धरून केलेलं बोलणं. अर्धा किलो हे घ्या, दोन चमचे ते घ्या. ‘घ्या’ हे क्रियापद लिहिताना घरात काहीतरी आहे, असं लेखक मानून चालतो. ज्या दशकात काही नव्हतंच, तिथं ब्रेमझेन ‘घ्या’ म्हणत नाहीत.

आता आपल्याकडे या. कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ १९७० साली आलं. लाखाहून जास्त प्रती खपल्या, कितीतरी सुनांना ते लग्नात मिळालं. वाटी-चमच्याच्या मापानं शिकवणारं हे पुस्तक गुणी आहे आणि आमच्याही घरी आहे, हळदीच्या बोटांसकट. दोन वर्षांनी, १९७२ ला, महाराष्ट्रात दुष्काळ पडला. रेशनवर अमेरिकेतला लाल मिलो आला, दुष्काळी कामांवर सुकडी वाटली गेली. मिलोची भाकरी थापताना तुटायची, हे आमच्या भागातल्या कुठल्याही म्हाताऱ्या बाईला विचारा. लाखो बायकांनी मिळून शोधलेली ती पाककला होती. पण मराठी पाकपुस्तकांच्या मुख्य कपाटात तिला पान नाही.

शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्ण ब्रह्म’ (२०१५) म्हणून मोलाचं. मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजांच्या स्वयंपाकाबद्दलचं हे पुस्तक. मराठवाड्याची हद्द बुलढाण्याला लागूनच आहे. जनावराचा कुठलाच भाग वाया जाऊ न देणारं हे स्वयंपाकघर आपल्या ‘पारंपरिक मराठी पदार्थां’च्या यादीत कधीच नव्हतं. पाटोळे ‘पूर्णब्रह्म’ या शब्दातला खोटेपणा शीर्षकातच पकडतात. ब्रेमझेन आणि पाटोळे यांची पुस्तकं शेजारी ठेवून वाचली की वाटतं, दोघांचा प्रश्न एकच आहे: ‘आपलं’ जेवण म्हणताना ‘आपण’ म्हणजे नक्की कोण?

आणि चुक्याचं कोडं इथं सुटतं. रशियातलं जे जेवण आपल्या स्वयंपाकघरात सहज बसलं असतं, ते तिथल्या शेतकऱ्याचं होतं: आंबट पाला, भरड धान्य, आंबवलेलं पेय, थिजवलेला रस्सा. त्याची आपल्याकडची नातेवाईक मंडळी म्हणजे चुका, कण्या, आंबील, पाया. पण या मंडळींना आपणच पाहुण्यांसमोर बसवत नाही. मग त्यांच्या रशियन नातेवाइकांची ओळख कोण करून देणार?

गॅसवर काय झालं

आता प्रत्यक्ष करून पाहिलेलं. ‘याच्याऐवजी ते’ असं वस्तूला वस्तू लावत बसलं की फसायला होतं. पदार्थात ती वस्तू काय काम करते ते पाहिलं की रस्ता सापडतो. नोकरीत रोज कोणाचा तरी जुना कोड दुसरीकडे हलवतो, तिथंही हाच धडा आहे. नाव जुळून उपयोग नसतो, काम जुळावं लागतं.

स्मेताना. श्चीवर, बोर्शवर, ब्लिनीवर घालायची रशियन आंबट साय. इंटरनेट म्हणतं, फ्रेश क्रीमच्या पाकिटात लिंबू किंवा व्हिनेगर घाला. पण ज्या घरात लोणी काढतात तिथं रोजची साय साठवून तिला विरजण लावतातच. घुसळण्याच्या आधीची, भांड्यातली ती घट्ट आंबट साय म्हणजे जवळजवळ स्मेतानाच. दोन्हीकडे काम तेच, सायीला जिवाणूंनी आंबवणं. फक्त आपण तिला लोण्याच्या वाटेवरचा थांबा समजतो, पदार्थ समजत नाही. चेखॉवची १८८६ ची एक छोटी गोष्ट आहे. त्यात एक अधिकारी गरम ब्लिनींवर लोणी, स्मेताना, मासे असे थर रचतो, घास उचलतो आणि तोंडात घालण्याआधीच झटका येऊन मरतो. सायीचं भांडं हातात घेतल्यावर त्या माणसाचा लोभ समजतो.

त्वोरोग. हे रशियन ‘चीज’ दह्यापासून होतं. त्याच्या सिरनिकी नावाच्या गोडसर टिक्क्या करतात. मी चक्का वापरला, त्या तव्यावर वितळल्यासारख्या पसरल्या. कारण त्वोरोग करताना आंबट दूध मंद गरम करतात. उष्णतेनं त्यातली प्रथिनं आवळतात आणि पाणी सुटतं. चक्का नुसता टांगलेला असतो, त्यात पाणी जास्त राहतं. दुसऱ्या वेळी दही मंद आचेवर फाटेपर्यंत गरम केलं, मग फडक्यात बांधलं. टिक्क्या उभ्या राहिल्या.

काशा. रशियात ती बऱ्याचदा ग्रेच्काची, म्हणजे बकव्हीटची असते. उत्तरेत उपासाला कुट्टू खातात, ते हेच. भाजलेले दाणे, दुप्पट पाणी, झाकण आणि मग ढवळायचं नाही. माझा एक मित्र डॉक्टर व्हायला रशियात गेला. होस्टेलवर सगळ्यांत स्वस्त ग्रेच्का मिळायचा, म्हणून पहिल्याच महिन्यात त्यानं त्याला मोहरी-कढीपत्त्याची फोडणी दिली आणि त्याचा उपमा केला. कढीपत्ता आईनं घरून वाळवून दिलेला. मला ठाऊक असलेल्या ‘मराठी-रशियन’ पदार्थांत सगळ्यांत अस्सल हाच, कारण तो गरजेतून झाला. घरी मी उलटं केलं. ज्वारीच्या कण्या आधी कोरड्या भाजल्या, मग शिजवल्या आणि ताकाऐवजी लोणी व तळलेला कांदा घातला. वेळ दुप्पट लागला, पाणीही. पण भाजल्यामुळे कण्या मोकळ्या झाल्या आणि एक खमंग वास आला. ग्रेच्काचा तो वास नव्हे, ज्वारीचाच.

ब्लिनी. जुन्या पद्धतीत बकव्हीटच्या आणि गव्हाच्या पिठाला यीस्टनं फुगवून केलेली धिरडी. नुसत्या ज्वारीच्या पिठाची उलटताना फाटतात, कारण ज्वारीत ग्लुटेन नाही. निम्मी कणीक घातली, रात्रभर आंबवली, बिडाच्या तव्यावर घातली. छान जाळी पडली.

आंबवलेला कोबी मात्र मे महिन्यात करू नका. कोबीच्या वजनाच्या दोन ते अडीच टक्के मीठ घालून दाबून ठेवायचा असतो. रशियातल्या थंड तळघरात तो आठवडे घेऊन आंबतो. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा तो दोन दिवसांत आंबतो आणि चौथ्या दिवशी घराबाहेर जातो. डिसेंबरात जमला.

सारखं म्हणजे तेच नाही

इथं एक धोका आहे आणि तो माझ्याच लिखाणात आहे. ‘श्ची म्हणजे आपली चुक्याची भाजी, काशा म्हणजे आपल्या कण्या, क्वास म्हणजे आपली आंबील’ असं म्हणत गेलं की रशिया उरतच नाही, सगळीकडे आपणच दिसतो. सॅलडवाल्यांनी रशियाला परका ठेवला, आपण त्याला गिळून टाकतो.

फरक हवामानानं घातलेत. आपण अन्न उन्हानं टिकवतो: कुरडया, सांडगे, वाळवलेल्या भाज्या, गच्चीवरची वाळवणं. त्यांना थंडी, मीठ आणि आंबवण यांनी टिकवावं लागलं. त्यांच्या घरात पेच असते, विटांची प्रचंड भट्टी. एकदा तापवली की दिवसभर हळूहळू निवते आणि त्या उतरत्या उष्णतेत श्ची, काशा तासन्‌तास मुरतात. गॅसवर उकळलेलं श्ची आणि पेचमधलं श्ची यांत हाच फरक पडतो. आपल्याकडे याच्या जवळ जाणारी एकच गोष्ट मला माहीत आहे: शेतात गोवऱ्यांच्या निवत्या आरात पुरलेले रोडगे.

डॅरा गोल्डस्टाइन यांचं ‘बियाँड द नॉर्थ विंड’ (२०२०) हा फरक नीट धरतं. फ्रेंच आचारी येण्याआधीच्या चवी शोधायला त्या रशियाच्या उत्तर टोकाला जातात: राय, ओट, बकव्हीट, आंबवण, रानमेवा. हॉटेलचं दार टाळून चुलीच्या दारानं आत जाणारं हे पुस्तक आहे, म्हणून मला ते आवडलं. तरी एक बोच उरते. ज्या अभावातून हे अन्न आलं, तो अभाव देखण्या फोटोंत हवाहवासा दिसू लागतो. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांचं भरडधान्य वर्ष होतं. तेव्हा ज्वारीचंही असंच झालं. पोस्टरवर चढली, मॉलमध्ये चकचकीत पुडीत आली. पण ज्यांच्या ताटात ती दुसरं काही नव्हतं म्हणून होती, त्यांची गोष्ट पुडीवर छापली नव्हती.

आणि ‘रशियन’ हे लेबलही जपून वापरायला हवं. बोर्श आपण बेधडक रशियन म्हणतो. युक्रेनमधली बोर्श शिजवण्याची संस्कृती युनेस्कोनं १ जुलै २०२२ रोजी तातडीनं जपायच्या वारशांच्या यादीत घेतली. तेव्हा युद्ध चालू होतं. रशियातही घरोघरी बोर्श होतं हे खरंच. पण ज्या देशावर बॉम्ब पडताहेत त्याचं सूप हल्ला करणाऱ्याच्या नावावर लिहिताना, निदान हात थबकावा.

यात डाय कुठी हाये?

चुक्याचं श्ची मी शेवटी असं केलं. कांदा लोण्यात परतला, बटाट्याच्या फोडी शिजवल्या, बारीक चिरलेला चुका शेवटच्या पाच मिनिटांत घातला. आधी घातला तर बटाटा शिजत नाही, आंबटात तो कडकच राहतो. पानं पडताच हिरवा रंग उडून ऑलिव्हसारखा मळकट होतो, तो तसाच व्हायला हवा. वरून उकडलेलं अंडं आणि विरजलेली साय.

आजीला वाटी दिली. तिनं अंडं बाजूला केलं, एक चमचा तोंडात घेतला, पुन्हा घेतला.

“चुका हाये हा,” ती म्हणाली. “पन यात डाय कुठी हाये?”

डाळ नसते, आजी, रशियाचं आहे, मी म्हणालो.

“त्याइच्याकडं डाय पिकत नसंन,” तिनं निकाल दिला आणि उरलेलं भाकरी कुस्करून खाल्लं. मग तिनं विचारलं की तिकडच्या लोकांना चुका कोणत्या महिन्यात मिळतो. बर्फ वितळल्यावर, मी सांगितलं. तोवर काय खातात? आंबवलेला कोबी. आणि तो संपला तर?

मला ब्रेमझेनच्या पुस्तकातलं ते कृती नसलेलं पान आठवलं. मी काही बोललो नाही. आजी मात्र बोलू लागली, मिलोच्या भाकरीबद्दल. पीठ उकळत्या पाण्यात भिजवावं लागायचं, तरी कडा तुटायच्याच. मी फोन काढला आणि लिहून घेतलं.